पासबुक पेटीत, चेक दुकानात

(कोल्हापूर येथे भरलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक काम करू. ज्यांच्या नावाचे बँकेत खाते आहे त्यांनी हात वर करा. बहुतेक सगळेच हात वर आहेत. आता ज्यांनी गेल्या तीन महिन्यांत आपले पासबुक स्वतः वाचले त्यांचेच हात वर राहू द्या. आम्हाला सात हात दिसतात. तिसऱ्या प्रश्नाला हात वर करू नका, उत्तर मनातच द्या. तुमच्या सहीचा कोरा चेक आज कुणाच्या गल्ल्यात पडून आहे का?

कुणाला लाजवण्यासाठी आम्ही हे विचारले नाही. आम्ही कृषी पदवीधर. कॉलेजात नत्र, स्फुरद, पालाश शिकलो, बोंडअळीचा जीवनक्रम पाठ केला. कपाशीला चुकारा कुठल्या खात्यात येतो आणि तिथून कुठे जातो, हे कुणी शिकवले नाही, आम्हीही विचारले नाही. चळवळीत आल्यावर गावोगावच्या पेट्या उघडल्या तेव्हा कळले, की पासबुक पेटीत आहे आणि चेक दुकानात आहे. खाते आपल्या नावाचे, पण कारभार दुसऱ्याचा.

कोल्हापूरकर शहाणे नव्हेत

तुम्ही दोन दिवस या जिल्ह्यात हिंडलात. काही जण आम्हाला म्हणाले, ‘‘इथला साधा दूधवालासुद्धा बँकेत जाऊन हिशेब विचारतो. आमच्याकडे तसे नाही.’’ कोल्हापूरकर जन्मतः शहाणे आणि आपण अडाणी, असे मुळीच नाही. इथे गोकुळ, म्हणजे जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, १९६३ साली उभा राहिला. गावच्या दूध संस्थेत दर दहा दिवसांनी बिल निघते. उसाचे बिल कारखाना खात्यावर जमा करतो. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. कारखाने तो पाळतातच असे नाही, म्हणून तर याच जिल्ह्यात रस्ते अडवावे लागले. पण खात्यावर वर्षभर काही ना काही येत राहते. जिथे पाणी येते तिथे माणूस दारे धरायला जातोच.

आपल्या कोरडवाहूच्या खात्याला वर्षातून एकदाच पाणी. एकाधिकार कापूस खरेदी १९७२ साली सुरू झाली. त्या काळात चुकारा बँकेत यायचा, सोसायटीचे कर्ज वळते व्हायचे आणि उरले तर हाती पडायचे. बँक म्हणजे आपले पैसे कापले जातात ती जागा, अशी पक्की समजूत त्यातून झाली. त्या समजुतीला कारण होते. पण परिणाम असा, की कापले किती आणि कशासाठी हेही आपण विचारायचे सोडून दिले. याच कोल्हापुरात कागल-हातकणंगलेच्या माळावर शाळू पिकवणाऱ्याचे पासबुक पाहा, ते तुमच्या-आमच्यासारखेच कोरे असते.

खाते कोणते आणि कुठे

पहिली गोष्ट, कर्जखाते वेगळे आणि बचत खाते वेगळे. सोसायटीचे पीककर्ज निघाले म्हणजे ‘आपले खाते आहे’ असे पुष्कळांना वाटते. ते कर्जाचे खाते. स्वतःचे पैसे ठेवायचे, काढायचे, चेक लिहायचे ते बचत खाते. व्यापाऱ्याचे असते ते चालू खाते, त्याची आपल्याला गरज नाही.

खाते उघडायला फोटो, आधार किंवा मतदार ओळखपत्र किंवा रोजगार हमीचे जॉबकार्ड चालते. पॅन कार्ड नसेल तर त्यासाठीचा फॉर्म बँकेत मागून भरून द्यायचा. कसलाच पक्का पुरावा नसेल तरी फोटो आणि सही-अंगठ्यावर ‘लहान खाते’ निघते. त्याला मर्यादा आहेत. शिल्लक ५० हजारांच्या वर नाही, महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाही आणि पुढे पुरावा द्यावाच लागतो.

खिडकीवरचा माणूस ‘किमान इतके हजार शिल्लक ठेवा’ म्हणाला तर त्याला सांगा, आम्हाला मूलभूत बचत ठेव खाते हवे. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच सर्व बँकांना हे खाते द्यायला लावले आहे. त्याला किमान शिल्लक नाही, कार्डाला वार्षिक आकार नाही, महिन्यात निदान चार वेळा पैसे काढता येतात. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेली जनधन खाती याच जातीची. ज्याचे असे खाते आहे त्याला त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, एवढी अट ध्यानात ठेवा.

आता कुठे उघडायचे? इथे दोन घटना सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. आठवड्याच्या आत, १४ नोव्हेंबरला, जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली. कोल्हापूरची जिल्हा बँकही त्यातून सुटली नाही. ज्याचे एकमेव खाते जिल्हा बँकेत होते तो ऐन सुगीत हातात नोटा घेऊन दुसऱ्या बँकेच्या दारात उभा राहिला. दुसरी घटना तुमच्या कापूस मुलखातली. मे २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशातल्या २३ जिल्हा बँकांना परवाना नाकारला. त्यांत नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन होत्या. ठेवीदारांचे काय हाल झाले ते इथे बसलेल्या अनेकांनी भोगले आहे.

म्हणून आमचे सांगणे असे. सोसायटीच्या कर्जासाठी जिल्हा बँकेत खाते राहणारच, ते राहू द्या. पण घरचे पैसे ठेवायला दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात एक बचत खाते असावे. सगळे बी एकाच तासात पेरत नाहीत.

ठेव बुडाली तर काय? १९६० साली पलई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर १९६२ पासून देशात ठेव विमा आला. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका माणसाच्या ठेवींना व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा आहे. तो व्यापारी बँकांना आहे, नागरी सहकारी बँकांना आहे, जिल्हा बँकांनाही आहे. पण गावच्या विकास सोसायटीत आणि पतसंस्थेत ठेवलेल्या पैशाला हा विमा नाही. पाटीवर ‘सहकारी’ लिहिलेले असते आणि आत पासबुकही मिळते, म्हणून फरक कळत नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी लेकीच्या लग्नाचे पैसे पतसंस्थेत ठेवण्याआधी हा फरक घरात बोलून घ्या.

बाईचे खाते

मायबहिणींना वेगळे सांगायचे आहे. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, तेव्हा तुमच्यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे खाते उघडले. योजनेचे पुढे काय व्हायचे ते होवो, खाते मोडू नका. कोंबड्यांचे, शिलाईचे, खुरपणीचे पैसे तिथेच जाऊ द्या. कार्ड आणि पिन नवऱ्याच्या खिशात असेल तर ते खाते तुमचे नाही.

नवरा-बायकोचे जोडखाते काढायचे असेल तर अर्जात ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असेल तो’ असे लिहून घ्या. नाहीतर एकाच्या मागे दुसऱ्याला वारसाच्या कागदांसाठी तालुक्याला चकरा माराव्या लागतात. वारसनोंद, म्हणजे नॉमिनी, प्रत्येक खात्याला लावा. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. नॉमिनीला बँक पैसे देते, पण कायद्याने तो मालक होतोच असे नाही. वारसांचा हक्क राहतो.

वीस रुपयांची ओळ

आता जी गोष्ट सांगतो ती आम्हाला स्वतःला टोचते. एका गावात आमच्या एका कार्यकर्त्याला कापूस वेचताना साप डसला. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. आम्ही घरी गेलो, बसलो, त्याच्या बायकोचे सांत्वन केले, उठून आलो. चौदा महिन्यांनी कर्जाच्या कामासाठी त्या माउलीने पेटीतून पासबुक काढून आमच्या हाती दिले. त्यात मे महिन्याच्या शेवटी एक ओळ होती, वजा २० रुपये.

ते २० रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता. १८ ते ७० वयाच्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख मिळतात. सर्पदंश अपघातात धरला जातो, दवाखान्याचा कागद हवा. मागणी खरे तर ३० दिवसांत करायची असते. खाते उघडताना कुणीतरी फॉर्मवर खूण करून घेतली होती. हप्ता दरसाल कापला जात होता. त्याला माहीत नव्हते, तिला माहीत नव्हते आणि पदवीधर म्हणवणाऱ्या आम्ही त्या दिवशी पासबुक मागितले नव्हते. उशिराने अर्ज दिला आहे. दवाखान्याचा कागद मिळाला. बँकेचे उत्तर अजून आलेले नाही.

म्हणून पासबुकाची ओळ न् ओळ वाचायची. मे महिन्यात ४३६ रुपये गेले असतील तर ती जीवनज्योती विमा योजना आहे, १८ ते ५० वयापर्यंत नोंद होते, मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख. जनधनच्या रुपे कार्डालाही अपघात विमा आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना तो २ लाखांचा. पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेले असावे लागते. पेटीत ठेवलेले कार्ड त्या कामाचे नाही. महिन्यातून एकदा शंभर रुपये काढा, पुन्हा भरा, तेवढे पुरे.

दोन वर्षे तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. १० वर्षांनी ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तिथूनही आपल्याच बँकेमार्फत ती परत मागता येते, वारसालाही मागता येते. निष्क्रिय खाते चालू करायला बँकेने आकार घ्यायचा नाही, असा १ एप्रिल २०२४ पासून नियम आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची जुनी पासबुके चुलीत घालू नका.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो. ‘‘किसान सन्मानचा हप्ता आला म्हणतात, आमच्या पासबुकात नाही.’’ सरकारी पैसा आता खाते क्रमांक पाहून नव्हे, आधार पाहून जातो. तुमची तीन खाती असली तर ज्या बँकेत शेवटी आधार जोडणी झाली तिथे तो पडतो. गावात कुणी मशीन घेऊन आला, अंगठा घेऊन नवे खाते काढून गेला, की पुढचा हप्ता तिकडे वळू शकतो. आधी बँकेत विचारा, माझे आधार पैशासाठी कुठल्या खात्याला जोडलेले आहे? मोबाइल नंबर बदलला तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते आणि तुमच्या खात्याचे संदेश त्याला जातात.

कोरा चेक म्हणजे कोरा सातबारा

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मृगाच्या तोंडावर बियाणे, खत, औषध उधारीने घ्यावे लागते. दुकानदार म्हणतो, ‘‘विश्वासाचा प्रश्न नाही काका, फक्त दोन चेक सही करून ठेवा.’’ रक्कम नाही, तारीख नाही, नाव नाही. आपणही म्हणतो, खात्यात पैसेच नाहीत तर चेकला काय किंमत?

इथेच आपण फसतो. खात्यात पैसे नसणे हाच त्या चेकचा फास आहे. १ एप्रिल १९८९ पासून परक्राम्य संलेख कायद्यात १३८ कलम आले. देण्यापोटी दिलेला चेक पैशाअभावी परत गेला तर तो गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोर्टात ‘‘रक्कम मी लिहिली नव्हती’’ म्हणून सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितले, की सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असे कायदा धरून चालतो. देणे नव्हते किंवा कमी होते, हे आपल्याला दाखवावे लागते. चाळीस हजारांच्या उधारीवर दीड लाखाचा आकडा चढला, तरी दाखवायला आपल्याजवळ काय असते? बिल नाही, पावती नाही, फक्त ‘विश्वास’.

सातबारा कोरा करा, अशी मागणी आपण करतो. आणि कोरा चेक देऊन तोच सातबारा दुसऱ्याच्या गल्ल्यात ठेवतो.

तर नियम असे. चेक द्यायचाच तर नाव, तारीख, रक्कम अंकात आणि अक्षरात लिहून द्या. रकमेपुढे ‘फक्त’ लिहा, मोकळ्या जागेत रेघ ओढा. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहा, म्हणजे पैसे खात्यातच जातील, रोखीने निघणार नाहीत. चेकबुकाच्या अर्ध्या भागावर कुणाला, कशासाठी दिला ते लिहा. दुकानदाराकडून पक्के बिल घ्या. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने, हेही लक्षात असू द्या. तारीखच कोरी असेल तर ती मुदत दुसऱ्याच्या हातात राहते.

कोरे चेक आधीच देऊन बसलात? मग चेकबुक काढा, कोणते नंबर गेले ते शोधा. उधारी फिटली असेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा: अमुक नंबरचे चेक कोरे दिले होते, हिशेब पूर्ण झाला आहे, परत करावेत. पत्राची प्रत जपून ठेवा. नुसते बँकेत जाऊन पेमेंट थांबवले म्हणजे १३८ मधून सुटलो, असे समजू नका. नोटीस आली तर फाडू नका, घ्यायचे टाळू नका. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस असतात, त्यात पैसे द्या किंवा वकिलामार्फत उत्तर द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अर्ज द्या. बेकायदा सावकाराने चेक अडकवले असतील तर तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करायची.

होल्ड, अंगठा आणि पिन

अतिवृष्टीची मदत खात्यावर येते आणि थकबाकी म्हणून बँक ती अडवते, त्याला ‘होल्ड’ म्हणतात. मदतीतून कर्जवसुली करू नये असे शासनाच्या आदेशांत लिहिलेले असते. खिडकीवर भांडण करून उपयोग नाही. एक अर्ज द्या: माझ्या खात्यावर किती रकमेचा, कोणत्या तारखेपासून, कोणत्या नियमाने होल्ड आहे, लेखी कळवा. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला. पोच घ्या. एकट्याने दिलेला अर्ज फायलीत जातो, गावाने मिळून दिलेले पन्नास अर्ज टेबलावर राहतात. बँकेने ३० दिवसांत तक्रारीचा निकाल लावला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, माहितीचा फोन १४४४८.

गावातल्या मशीनवर अंगठा लावून पैसे काढता तेव्हा दरवेळी पावती घ्या. ‘‘उमटला नाही, पुन्हा लावा’’ म्हणाला तर आधीची पावती मागा. आणि मोबाइलवर पैसे यायला कधीही पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे जायला. फसलात तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिले तीन दिवस फार मोलाचे असतात.

मग भावाचे काय?

मागून कुणीतरी म्हणाले, ‘‘पासबुक वाचून कापसाला भाव मिळणार आहे का?’’ नाही मिळणार. रिकाम्या खात्याची राखण कितीही केली तरी ते भरत नाही. ते भरण्यासाठी भावाचीच लढाई लढावी लागेल, त्यात तडजोड नाही. पण त्या लढाईत आपण म्हणतो, आमची शेती तोट्यात आहे. समोरचा म्हणतो, कागद दाखवा. चुकारा किती आला, बियाण्याला, औषधाला, मजुरीला किती गेले, व्याज किती कापले, हे ज्याच्या पासबुकात तारीखवार आहे त्याच्या तोट्याला कुणी भाषण म्हणू शकत नाही. रोखीत आलेला आणि रोखीत गेलेला पैसा साक्ष देत नाही.

आपल्या गावी परत गेल्यावर एवढेच करा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने घरातली सगळी पासबुके आणि चेकबुके घेऊन यावे, म्हाताऱ्यांची आणि बायकांचीही. गावातल्या दहावी-बारावी शिकलेल्या दोन मुलींना सोबत आणा. त्या ओळ वाचतील, आम्ही अर्थ सांगू, आणि जिथे अर्थ लागणार नाही तिथे बँकेला अर्ज लिहू. गेलेल्या कोऱ्या चेकांचे नंबर एका वहीत उतरवू, कुणाचे नाव बाहेर जाणार नाही. आणि ज्या घरात यंदा मयत झाली असेल त्या घरी जाताना, टेकायला बसलात की पासबुक मागा. आम्ही मागितले नव्हते, तुम्ही मागा.